पंचगंगेचा पूर आणि निधीची वाट

कोल्हापुरात पावसाळा सुरू झाला, की दोन आकडे सर्वांच्या तोंडी असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले, की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले, की धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. असा पूर पिढीत एखादाच, अशी समजूत लोक करून घेत असतानाच २०२१ च्या जुलैमध्ये नदीने ५६ फूटही ओलांडले. दोन्ही वेळी पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, शाहूपुरी आणि व्यापारी पेठांत पाणी शिरले आणि शिरोळ तालुक्यातील कित्येक गावांचा जगाशी संपर्क तुटला.

पुरानंतर चर्चेत येतो तो तिसरा आकडा, कोटी रुपयांचा. २०१९ मध्ये राज्याने केंद्राकडे ६,८१३ कोटी रुपयांची मागणी केली. त्यापैकी ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांसाठी होते. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ११,५०० कोटी रुपयांची तरतूद मान्य केली. हे आकडे ऐकून सामान्य नागरिकाच्या मनात साधा प्रश्न उभा राहतो : एवढा पैसा मंजूर होतो, तर नदीकाठच्या ग्रामपंचायतीकडे चांगली बोट का नसते आणि महापालिकेला नाल्याच्या कामासाठी वर्षानुवर्षे मंत्रालयाच्या पायऱ्या का झिजवाव्या लागतात? या प्रश्नाचे उत्तर आपत्तीविषयक निधीच्या रचनेत दडलेले आहे.

मदत वेगळी, प्रतिबंध वेगळा

आपत्तीवर होणारा सरकारी खर्च मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला मदतीचा : अन्न, निवारा, सानुग्रह अनुदान, पिकांची भरपाई. दुसरा पुनर्बांधणीचा : वाहून गेलेले रस्ते, पूल, शाळा, नळपाणी योजना पुन्हा उभ्या करणे. तिसरा सौम्यीकरणाचा, म्हणजे पुढच्या आपत्तीत हानी कमी व्हावी यासाठी आधीच करावयाच्या कामांचा. २०२१ च्या त्या ११,५०० कोटींची विभागणी याच पद्धतीने झाली होती : १,५०० कोटी मदतीसाठी, ३,००० कोटी पुनर्बांधणीसाठी आणि ७,००० कोटी सौम्यीकरणासाठी. कागदावर सर्वांत मोठा वाटा प्रतिबंधाचा होता. मात्र मदतीचा पैसा आठवड्यांत खात्यावर जमा होतो, तर प्रतिबंधाचा पैसा सर्वेक्षण, आराखडा, मान्यता आणि निविदा या वाटेने वर्षांच्या हिशेबाने येतो. तोपर्यंत लोकांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते.

या दोन पैशांमधील फरक नेमका समजून घेणे आवश्यक आहे. मदत निधीतून फुटलेला बंधारा दुरुस्त करता येतो, पण तो दोन फूट उंच करता येत नाही. वाहून गेलेला मोऱ्यांचा रस्ता पूर्ववत करता येतो, पण त्या जागी उंच पूल बांधता येत नाही. निकषच ‘तातडीची दुरुस्ती’ असा असतो. परिणामी, जो रस्ता २०१९ मध्ये बुडाला तोच त्याच उंचीवर पुन्हा तयार होतो आणि पुढच्या पुरात पुन्हा बुडतो. सरकारी तिजोरीतून एकाच रस्त्यासाठी दोनदा पैसे जातात आणि गावाची स्थिती मात्र बदलत नाही.

कायदा २००५ चा, निधी पंधरा वर्षांनी

देशात आपत्ती मदतीसाठी कायमस्वरूपी निधी असावा, ही व्यवस्था नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने १९९० मध्ये सुरू झाली. त्याचे नाव होते आपत्ती निवारण निधी. २००५ च्या जुलैत मुंबई, कोकण आणि पाठोपाठ कृष्णा-पंचगंगेचे खोरे जलमय झाले, तेव्हा हाच निधी कामी आला. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला. या कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर दोन स्वतंत्र निधी सांगितले : एक प्रतिसादासाठी, दुसरा सौम्यीकरणासाठी.

यापैकी प्रतिसाद निधी २०१० मध्ये प्रत्यक्षात आला. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी ही त्याची दोन अंगे. (या राष्ट्रीय निधीचे इंग्रजी आद्याक्षर आणि पुरात बोटी घेऊन येणाऱ्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे आद्याक्षर एकच, ‘एनडीआरएफ’, असल्याने वाचकांचा नेहमी गोंधळ होतो. दल माणसे वाचवते. निधी पैसे देतो.) सौम्यीकरण निधी मात्र कागदावरच राहिला. दुष्काळासंबंधीच्या ‘स्वराज अभियान’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केंद्राला हा राष्ट्रीय निधी स्थापन करण्याचे निर्देश दिले. तरीही तो प्रत्यक्षात स्थापन झाला २०२१ मध्ये, तोही पंधराव्या वित्त आयोगाने त्यासाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवल्यानंतर.

म्हणजे कायद्यात तरतूद झाल्यापासून पैसा येईपर्यंत पंधरा वर्षे गेली. कोल्हापूरच्या दृष्टीने पाहिले, तर २०१९ चा पूर या पोकळीच्या काळातच येऊन गेला.

ऐंशी आणि वीस

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी रुपयांचा आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधी सुचविला. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. ईशान्य व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १०. या निधीचे ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी राखले गेले. ऐंशी टक्क्यांचीही पुढे विभागणी झाली : एकूण निधीच्या ४० टक्के मदतीसाठी, ३० टक्के पुनर्बांधणीसाठी आणि १० टक्के पूर्वतयारी व क्षमतावाढीसाठी.

महाराष्ट्राच्या वाट्याला २०२१-२२ या वर्षात केंद्र व राज्य मिळून ४,२९६ कोटी रुपये आले. त्याचे वीस टक्के म्हणजे सुमारे ८५९ कोटी. हा सौम्यीकरणाचा पैसा दुष्काळी मराठवाडा, दरडी कोसळणारा सह्याद्री, वादळे झेलणारे कोकण, विजा पडणारा विदर्भ आणि पुराचे दक्षिण महाराष्ट्र या सर्वांसाठी मिळून होता. जिल्ह्यांच्या संख्येने भागले, तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी पंचवीस कोटींच्या आसपास रक्कम येते. एका नदीकाठच्या शहराला संरक्षक भिंत, पर्जन्यजल वाहिन्या आणि पंपिंग यंत्रणा उभी करायची, तर ही रक्कम किती पुरेल, हे सांगण्यासाठी अभियंत्याची गरज नाही.

मोठ्या शहरांसाठी वित्त आयोगाने स्वतंत्र व्यवस्था केली. शहरी पूर कमी करण्यासाठी सर्वाधिक लोकसंख्येच्या सात महानगरांना मिळून २,५०० कोटी रुपये राखण्यात आले. त्यात मुंबईसाठी ५०० आणि पुण्यासाठी २५० कोटी होते. २०२५ मध्ये केंद्राने याच धर्तीवर आणखी ११ शहरांसाठी सुमारे २,४४४ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्या यादीत महाराष्ट्रातील एकही शहर नव्हते. निवडीचा निकष लोकसंख्येचा आणि राजधानीच्या दर्जाचा असला, की कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड यांसारखी शहरे आपोआप बाहेर राहतात. पुराचे पाणी मात्र शहराची लोकसंख्या विचारून येत नाही.

किनाऱ्याला एक न्याय, घाटमाथ्याला दुसरा

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही, पण त्याचा पाऊस समुद्रावरूनच येतो. अरबी समुद्रावरील ढग कोकणची पट्टी ओलांडून गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरांवर अडतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण बुडवले. त्याच पावसाने पुढच्या दोन दिवसांत पंचगंगेला विक्रमी पातळीवर नेले. आपत्ती एकच, पण निधीच्या वाटा वेगळ्या.

किनारपट्टीसाठी केंद्राने जागतिक बँकेच्या सहाय्याने राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम सौम्यीकरण प्रकल्प राबविला. पहिल्या टप्प्यात आंध्र प्रदेश आणि ओडिशा, तर २०१५ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, केरळ आणि पश्चिम बंगाल ही राज्ये होती. निवारा केंद्रे, खारबंधारे, भूमिगत वीजवाहिन्या आणि इशारा यंत्रणा अशी ठोस कामे त्यात होती; अलिबागमध्ये विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याचे काम याच प्रकल्पातून झाले. अशा गुंतवणुकीचे फळ ओडिशात दिसले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये लाखो लोक आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या काही दहांवर राहिली. वादळ अडवता आले नव्हते. त्याच्या वाटेतून माणसे बाजूला नेता आली होती.

नदीच्या पुरासाठी असा राष्ट्रीय प्रकल्प नाही. म्हणून राज्याने जागतिक बँकेचे साहाय्य घेऊन सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा महाराष्ट्र प्रतिरोधक्षमता विकास कार्यक्रम आखला. कृष्णा-भीमा खोऱ्यातील पुराचे व्यवस्थापन आणि अतिरिक्त पाणी दुष्काळी भागाकडे वळविणे हे त्याचे उद्दिष्ट. यातील सुमारे सत्तर टक्के वाटा जागतिक बँकेचा. येथे एक फरक लक्षात ठेवावा लागेल : वित्त आयोगाचा पैसा अनुदान आहे, जागतिक बँकेचा पैसा कर्ज आहे. अनुदान परत करावे लागत नाही. कर्ज पुढच्या पिढीच्या करांतून फेडावे लागते. साहजिकच कर्जाच्या पैशातून कोणते काम आधी घ्यावे, यावर जाहीर चर्चा होणे अधिक आवश्यक ठरते.

प्रस्तावाचा प्रवास

आता प्रश्न स्थानिक स्वराज्य संस्थांचा. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींवर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधनसामग्री सज्ज ठेवणे, बांधकामे निकषांनुसार होतील हे पाहणे आणि मदतकार्य करणे अशी कर्तव्ये सोपविली आहेत. पण निधीची चावी त्यांच्या हाती नाही. राष्ट्रीय किंवा राज्य सौम्यीकरण निधीकडे ग्रामपंचायतीला थेट अर्ज करता येत नाही. प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. तेथून तो राज्याच्या मदत व पुनर्वसन विभागाकडे, तांत्रिक छाननीकडे आणि राज्य कार्यकारी समितीकडे जातो. राष्ट्रीय निधीतून रक्कम हवी असेल, तर अंतिम निर्णय केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीचा.

मोठ्या आपत्तीनंतरच्या मदतीचा प्रवासही असाच लांब आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात. तो तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त यांच्यामार्फत मंत्रालयात पोहोचतो. राज्य केंद्राला निवेदन देते. आंतरमंत्रालयीन पथक पाहणी करते. मग समित्या निर्णय घेतात. राज्याच्या स्वतःच्या निधीत वर्षारंभी शिल्लक असलेल्या रकमेचा निम्मा भाग वजा करून राष्ट्रीय निधीतून उरलेले दिले जाते. म्हणूनच ‘मागितले किती आणि मिळाले किती’ या दोन आकड्यांत नेहमी मोठी तफावत दिसते. मागणी नुकसानीच्या अंदाजावर केली जाते, मंजुरी निकषांवर. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्रीय निकषांत बागायती पिकाच्या नुकसानीला हेक्टरी १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे दर होते. आठवडाभर पाण्याखाली राहून कुजलेल्या उसाचा उत्पादन खर्च यातून निघत नाही, हे शिरोळच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. राज्य सरकार आपल्या तिजोरीतून वाढीव दर देते ते याचमुळे.

प्रस्तावांच्या या शर्यतीत जी संस्था चांगला सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करू शकते ती पुढे जाते. असा अहवाल म्हणजे समतल रेषांचा नकाशा, नदीच्या प्रवाहाचे गणित, खर्चाचा अंदाज, लाभाचा हिशेब आणि देखभालीची हमी. मोठ्या महापालिकेकडे सल्लागार नेमण्याइतका पैसा असतो. एकच ग्रामसेवक असलेल्या गावाकडे तो कोठून येणार? ज्या गावांना पुराचा धोका सर्वांत अधिक, त्यांचीच अर्ज करण्याची क्षमता सर्वांत कमी असते.

ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचे थेट अनुदानही मिळते. पंधराव्या आयोगाच्या काळात त्यातील ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी बांधील होती. उरलेली ४० टक्के स्थानिक गरजांसाठी. या ४० टक्क्यांतून बोट, ध्वनिक्षेपक, उंच जागी निवारा असे काही करता येते, पण त्याच रकमेवर गटारी, दिवे आणि रस्ते यांचाही डोळा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटून अनेकांनी प्राण गमावले. सुस्थितीतील यांत्रिक बोट, पुरेशी लाइफ जॅकेट आणि प्रशिक्षित चालक यांचा खर्च एखाद्या संरक्षक भिंतीच्या तुलनेत नगण्य असतो. पूर्वतयारीच्या दहा टक्क्यांचा अर्थ काय, हे ब्रह्मनाळ सांगते.

लोकप्रतिनिधींचा अभाव हीदेखील अडचण ठरली. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि जिल्हा परिषदेची २०२२ मध्ये. निवडणुका लांबत गेल्या आणि दीर्घकाळ दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार राहिला. महापालिकेची निवडणूक अखेर जानेवारी २०२६ मध्ये झाली. २०२१ चा पूर आणि त्यानंतरच्या आराखड्यांचा बहुतेक काळ असा सभागृहाविना गेला. प्रशासन कार्यक्षम असू शकते. परंतु कोणत्या प्रभागाचा नाला आधी, या प्रश्नाचे उत्तर मतदारांना देण्याची जबाबदारी प्रशासकावर नसते.

मथळ्याबाहेरची कामे

पूर सोसण्याची क्षमता नेहमी ‘आपत्ती’ या मथळ्याखालीच वाढते, असे नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये शिंगणापूर व बालिंगा येथील उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना कोल्हापूरचे नळ कोरडे पडले. काळम्मावाडी धरणातून येणारी थेट पाइपलाइन, जिचे पाणी २०२३ च्या अखेरीस शहरात पोहोचले, ती पाणीपुरवठ्याच्या योजनेतून झाली; परंतु पुराच्या काळात शहराला दुसरा स्रोत देणारे हे काम आपत्तीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. पर्जन्यजल वाहिन्या नगरविकासाच्या योजनांत बसतात, पूल सार्वजनिक बांधकाम खात्यात, नदीकाठचे बांध जलसंपदा खात्यात, बोटी जिल्हा वार्षिक योजनेत. वेगवेगळ्या खिशांतील हा पैसा एका आराखड्यात गुंफणे, हेच स्थानिक संस्थेपुढचे खरे आव्हान आहे.

काही उपायांना तर पैशापेक्षा धैर्य अधिक लागते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, लाल रेषेच्या आत निर्बंध हवेत, हा नियम पाळण्यासाठी अनुदान लागत नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अतिक्रमणे आणि नदीची घटलेली वहनक्षमता यांकडे बोट दाखविले. अलमट्टी धरण हे पुराचे कारण असल्याचे समितीला आढळले नाही. हा निष्कर्ष कोल्हापूर-सांगलीत अनेकांना मान्य नाही. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकाच्या प्रस्तावाला येथे विरोध होतो तो त्यामुळेच. तो वाद दोन राज्यांचा आहे. नाल्यावरील भराव हटविण्याचा निर्णय मात्र शहराचा स्वतःचा आहे.

पुनर्वसनाचा अनुभवही बोलका आहे. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळी येथे भूखंड देण्यात आले. तरीही नदीकाठची जुनी घरे पूर्णपणे रिकामी झाली नाहीत आणि २०१९ मध्ये याच गावांतून लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. शेत, गोठा आणि देऊळ नदीकाठी असताना केवळ भूखंड देऊन गाव हलत नाही. घरबांधणी, रस्ता, पाणी आणि जनावरांची सोय यांसाठीचा निधी त्याच वेळी उपलब्ध झाला, तरच पुनर्वसन पूर्ण होते.

हिशेब कोणाचा?

स्थानिक संस्थांची ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने प्रतिबंधात्मक कामांसाठी स्थानिक सरकारांना स्पर्धेतून अनुदान देणारी योजना सुरू झाली. तेथील राष्ट्रीय इमारतशास्त्र संस्थेने संघराज्याच्या अशा अनुदानांतील एका डॉलरमागे सरासरी सहा डॉलरचे नुकसान टळते, असा निष्कर्ष काढला होता. तरीही एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय प्रशासनाने ती योजना रद्द करण्याची घोषणा केली आणि वीस राज्यांना न्यायालयात जावे लागले. टळलेले नुकसान कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावरचा खर्च सर्वांत आधी कापला जातो.

आपल्याकडे कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची वाट राज्यांना मोकळी झाली आहे. २०२६ ते २०३१ हा सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड आहे. निधीची नवी पंचवार्षिक चौकट सुरू होत असताना नदीकाठच्या संस्थांकडे तयार प्रस्ताव असणे ही पहिली गरज ठरते. त्यासाठी जिल्हा पातळीवर प्रकल्प अहवाल तयार करणारा कायमस्वरूपी तांत्रिक कक्ष असावा, छोट्या ग्रामपंचायतींचे प्रस्ताव एकत्र करून पाठवावेत आणि मंजूर, प्राप्त व खर्च झालेल्या रकमा गावनिहाय जाहीर व्हाव्यात, एवढ्या तीन गोष्टींनीही पुष्कळ फरक पडेल.

नागरिकांचीही यात भूमिका आहे. पूर ओसरल्यावर सानुग्रह अनुदानाच्या यादीत नाव आहे का, हे प्रत्येक जण पाहतो आणि ते पाहायलाच हवे. ग्रामसभेत किंवा महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी ‘पुढच्या पुरासाठी या वर्षी काय केले?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मदतीची मागणी पावसाळ्यात होते. सौम्यीकरणाची मागणी उन्हाळ्यात करावी लागते. राजाराम बंधाऱ्यावरील पाणी पुन्हा ३९ फुटांवर पोहोचेल, तेव्हा ती करण्याची वेळ निघून गेलेली असेल.